पाणी आलं, पण पूर नव्हता?

विम्याच्या कागदांबद्दल काय विचारायचं ते विचारा, असं मागच्या अंकात लिहिलं आणि पत्रांचा गठ्ठाच आला. बहुतेकांची तक्रार एकच: पॉलिसीत एक शब्द आहे, आम्ही त्याचा एक अर्थ धरला, कंपनीने दुसरा. मी तीस वर्षं नाशिक-धुळे-जळगाव पट्ट्यात नुकसानीचे सर्व्हे केले. तेव्हा हे शब्द कंपनीच्या बाजूने वाचायचो. आता गंगापूर रोडवरच्या घरी बसून, चष्म्याचा नंबर दोनदा वाढल्यावर, तुमच्या बाजूने वाचतो. चार पत्रं निवडली आहेत. नावं छापत नाही.

प्रश्न : दहीपुलाजवळ माझं पूजा साहित्याचं दुकान आहे. श्रावणासाठी माल भरला होता: अगरबत्ती, कापूर, वाती, पोथ्या, आसनं. जुलैत एका संध्याकाळी तासभर असा पाऊस झाला की मेनरोडचं सगळं पाणी खाली आलं, नाला तुंबला, चेंबरची झाकणं उडाली आणि दुकानात मांडीइतकं पाणी शिरलं. २ लाख ८५ हजारांचा माल गेला. कंपनीचं पत्र आलं: ‘त्या दिवशी गोदावरीस पूर नव्हता, धरणातून विसर्ग नव्हता, सबब सदर नुकसान फ्लडमुळे झालेले नसून पावसाच्या व गटाराच्या पाण्यामुळे झालेले आहे, क्लेम देय नाही.’ पॉलिसी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ आहे. एजंट म्हणतो, सोडून द्या. सोडून देऊ का?

उत्तर : अजिबात नाही. आणि हसलो त्याबद्दल माफ करा. नाशिककर पूर गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीवर मोजतो. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, गळ्याशी आलं, यावर आपली भांडी बाजारातली आवराआवर ठरते. पण विमा कंपनीनेही तीच मोजपट्टी हातात घ्यावी, हे मला नवीन आहे. मारुतीचे पाय कोरडे होते म्हणून तुमची अगरबत्तीही कोरडी होती, असा हा युक्तिवाद.

आता पॉलिसी काढा आणि धोक्यांची यादी वाचा. १ एप्रिल २०२१ पासून ५ कोटींपर्यंतची मालमत्ता असलेल्या छोट्या धंद्यांसाठी सगळ्या कंपन्यांना हाच एक साचा विमा नियामकाने घालून दिला आहे, त्यामुळे तुमची प्रत न बघताही मला ती ओळ ठाऊक आहे. स्टॉर्म, सायक्लोन, टायफून अशी वादळांची रांग लागते, मग सुनामी, आणि शेवटी ‘फ्लड अँड इनंडेशन’. कंपनीचं पत्र ‘फ्लड’पाशी थांबलंय. पुढचा शब्द वाचायचा कंटाळा केला की मुद्दाम गाळला, ते त्यांनाच माहीत.

इनंडेशन म्हणजे एखादी जागा पाण्याखाली जाणं, जलमय होणं. पाणी नदीचं, नाल्याचं की रस्त्यावरून वाहत आलेलं, हे त्या शब्दात नाही. पॉलिसीतही नाही. पूर म्हणजे नदीचाच पूर, असा आग्रह घटकाभर मान्य केला तरी मग दुसरा शब्द कशाला छापला? एकाच अर्थाचे दोन शब्द शोभेला कोणी ठेवत नाही. करार वाचायची साधी रीत अशी की प्रत्येक शब्दाला काहीतरी काम असतं. एका शब्दाला बेकार ठरवणारा अर्थ आणि दोघांनाही कामाला लावणारा अर्थ असे दोन समोर असले, तर दुसरा धरायचा.

कंपनीचा वकील यावर बोलेल, त्याची तयारी ठेवा. तो म्हणेल, शब्दाची किंमत शेजाऱ्यांवरून ठरते. ही सगळी रांग मोठ्या नैसर्गिक आपत्तींची आहे, तुंबलेलं गटार त्या रांगेत बसत नाही. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. त्याला उत्तर तुमच्या वस्तुस्थितीत आहे. गटार आपलं आपण तुंबलं नाही. तासाभरात इतकं पाणी पडलं की शहराच्या पोटातून जाणाऱ्या नाल्याला ते पेललं नाही, आणि एकट्या तुमच्या दुकानात नाही तर अख्ख्या उतारावर पाणी चढलं. तुमच्याच मोरीचा पाइप फुटून आत पाणी साचलं असतं, तर मी कंपनीच्या बाजूने लिहिलं असतं.

आता कायदा. पॉलिसी कंपनी छापते, ग्राहक फक्त सही करतो. म्हणून शब्दाचे खरोखर दोन अर्थ निघत असतील तर लिहिणाऱ्याच्या विरुद्ध जाणारा अर्थ घ्यायचा, असं सर्वोच्च न्यायालय कित्येक दशकं सांगत आलंय. माझ्या आवडीचा निकाल फेब्रुवारी २००४ चा, पुष्पालय प्रिंटर्स या छापखान्याचा. पॉलिसीत रेल्वे किंवा रस्त्यावरच्या वाहनाच्या ‘इम्पॅक्ट’ने होणाऱ्या नुकसानीला संरक्षण होतं. इमारतीला खेटून रस्त्यावर बुलडोझर चालला, हादऱ्यांनी इमारतीचं आणि यंत्रांचं नुकसान झालं. कंपनी म्हणाली, बुलडोझर इमारतीला लागलाच नाही, मग इम्पॅक्ट कसला? न्यायालयाने त्याच कलमातलं ‘रेल्वे’ हे बारकं टोक पकडलं: इम्पॅक्ट म्हणजे प्रत्यक्ष धडकच असेल, तर आगगाडी रूळ सोडून कुणाच्या इमारतीवर येऊन आदळणार आहे? तो शब्द मग कशासाठी? हादराही इम्पॅक्टच ठरला, छापखाना जिंकला. तुमच्या ‘इनंडेशन’ला हीच चावी लागते.

कंपनी असंही म्हणेल, की हा मसुदा आमचा नाही, नियामकाचा आहे, तर आमच्या विरुद्ध अर्थ का? त्यावर सांगा की छापखान्याच्या काळात आगीचा विमा टॅरिफखाली, म्हणजे सगळ्या कंपन्यांना ठरवून दिलेल्या एकाच साच्यात होता, मसुदा तेव्हाही त्या एका कंपनीने एकटीने बसून लिहिलेला नव्हता. आणि तुम्ही तर कधीच लिहिला नव्हता.

आणखी एक गंमत, वकिलाशी बोलताना उपयोगी पडेल. संशयाचा फायदा विमेदाराला, यासाठी ज्या जुन्या निकालाचा दाखला सगळे देतात, तो १९६६ चा चांदमल जैन यांचा. बंगालमध्ये धुलियान इथे गंगेने घरं गिळली, त्यांच्या विम्याचं प्रकरण. न्यायालयाने तत्त्व सांगितलं, आणि खटला मात्र कंपनी जिंकली, कारण तिने नुकसानीआधीच कव्हर नोटवरची (पॉलिसी हातात येईपर्यंतच्या तात्पुरत्या कागदावरची) जोखीम रद्द केली होती आणि तसा अधिकार करारात स्पष्ट होता. ‘कितीही वाजवी वाटलं तरी न्यायालय पक्षकारांसाठी नवा करार लिहून देत नाही,’ हा भागही त्याच निकालात आहे. दाखला देणारे अर्धाच वाचतात. तुम्ही देणार असाल तर कंपनीचा वकील दुसरा अर्धा वाचून दाखवणार, हे धरून चला.

आता माझं एक जुनं देणं. २००८ च्या सप्टेंबरातल्या महापुरानंतर मी चार दिवसांत पस्तीस-एक दुकानं पाहिली. चिखल, कुजलेल्या कापडाचा वास, पायात गमबूट, आणि रात्री बारा वाजता रिपोर्ट. एका साड्यांच्या दुकानाच्या तळघरात पाणी दारातून आलं नव्हतं, फरशीच्या सांध्यांतून वर आलं होतं. मी लिहिलं, ‘सीपेज’. झिरपणं. त्या क्षणी मला तो नुसता वर्णनाचा शब्द वाटला. कंपनीच्या क्लेम विभागाने तोच उचलला: झिरपणं म्हणजे हळूहळू होणारी गोष्ट, ती पुरात मोडत नाही. क्लेम गेला. दुकानदार माझ्या ऑफिसात आला आणि एवढंच म्हणाला, ‘साहेब, झिरपलं असतं तर मी पोतेरं घेऊन पुसलं असतं. मी मोटर लावून दोन दिवस उपसलंय.’ रिपोर्ट दुरुस्त करून पाठवायला हवा होता. मी पाठवला नाही. त्या आठवड्यात आणखी वीस रिपोर्ट बाकी होते, हे कारण तेव्हा पुरेसं वाटलं होतं.

म्हणून तुम्हाला पहिलं काम सांगतो: सर्व्हेअरच्या रिपोर्टची प्रत मागा. ती मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे. त्यात पाण्याला काय म्हटलंय ते बघा: ओव्हरफ्लो, सीपेज, रेनवॉटर, वॉटरलॉगिंग. भांडण त्या एका शब्दावर होणार आहे. शब्द चुकीचा असेल तर लेखी हरकत घ्या. सर्व्हेअरचा रिपोर्ट म्हणजे अंतिम शब्द नव्हे, हे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सांगितलेलं आहे. आणि ते मी, एक सर्व्हेअर, आनंदाने छापतोय.

दुसरं, पाण्याची खूण. भिंतीवर डाग अजून असेल तर टेप लावून फोटो काढा, रंगरंगोटी नंतर. शेजारच्या चार दुकानांच्या भिंतींचेही काढा. एकाच उंचीची रेघ सलग पाच दुकानांत असली की ‘तुमचं गटार’ हा मुद्दा संपतो. महापालिकेचा पंचनामा, त्या दिवशीच्या पावसाची नोंद, वर्तमानपत्रातलं कात्रण, मालाची खरेदी बिलं आणि जीएसटीचे कागद एका फाइलला लावा.

तिसरं, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र. दोन पानांच्या वर नको. कलमातला शब्द जसाच्या तसा लिहा आणि विचारा: ‘इनंडेशन’चा अर्थ आपण काय लावता, आणि तो पॉलिसीत कुठे लिहिला आहे? पत्रात त्यांनी दिलेलं कारण जपून ठेवा. नाकारण्याच्या पत्रात जे कारण नाही, ते कंपनीला नंतर खटल्यात नव्याने काढता येत नाही, असा २०१९ चा निकाल आहे. त्यांनी ‘पूर नव्हता’ एवढंच लिहिलंय ना? मग उद्या ‘माल जमिनीवर का ठेवला’ हे निघायला नको.

महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याचे विमा लोकपाल. नाशिक त्यांच्याच अखत्यारीत येतं. दुकान तुमच्या एकट्याच्या मालकीचं आहे, म्हणून तुम्हाला ते दार उघडं आहे. मोठ्या कंपन्यांना नाही. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतचा वाद चालतो, पण नकार मिळाल्यापासून वर्षाच्या आत जायचं. दुसरा रस्ता जिल्हा ग्राहक आयोगाचा, त्याला मुदत दोन वर्षांची. दुकान म्हणजे व्यापारी कारण, तुम्ही ग्राहकच नाही, असं कोणी म्हणालं तर एप्रिल २०२३ चा हर्सोलिया मोटर्सचा निकाल दाखवा: धंद्याचा विमा नुकसानीच्या भरपाईसाठी असतो, नफ्यासाठी नव्हे, त्यामुळे धंदेवाला इथे ग्राहकच. दोन्हीकडे एकाच वेळी मात्र जाता येत नाही. मी तुमच्या जागी असतो तर आधी पुणे.

प्रश्न : अंबडला आमचं वाइंडिंगचं वर्कशॉप आहे. एका सोमवारी उघडलं तर तांब्याच्या तारेची बंडलं गायब. कुलूप जागच्या जागी, शटर धड. कुणीतरी डुप्लिकेट चावी केली असणार. पोलिसांत गुन्हा नोंदला आहे. विमा कंपनी म्हणते, बळजबरीने प्रवेश झालेला नाही, म्हणून ही घरफोडी नाही. चोरी ती चोरीच ना? तुम्हीच म्हणता, संशयाचा फायदा ग्राहकाला.

उत्तर : संशय असला तर. तुमच्या पॉलिसीत मला तो दिसत नाही.

बर्ग्लरी म्हणजे घरफोडीच्या पॉलिसीत चोरीची व्याख्या छापलेली असते: प्रत्यक्ष बळाने आणि हिंसक रीतीने आत शिरून किंवा बाहेर पडून केलेली चोरी. चावी लावून दार उघडणं हे बळ नाही. पोलीस कुठलं कलम लावतात याच्याशी पॉलिसीला देणंघेणं नाही, ती आपल्याच व्याख्येने चालते. छापखान्याचा निकाल ज्या वर्षी आला त्याच २००४ मध्ये, सप्टेंबरात, हरचंद राय यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमकं हेच ठरवलं आणि विमेदार हरला. न्यायालयालाही ते गोड लागलं नसावं, कारण घरफोडीची व्याख्या सामान्य माणसाला कळेल अशी करा, असं त्याने कंपन्यांना तिथेच सुनावलं. २०१६ मध्ये ओरिसाच्या औद्योगिक गुंतवणूक महामंडळाचं प्रकरण गेलं, तेही हरलं. शब्द स्पष्ट असताना ‘लिहिणाऱ्याच्या विरुद्ध’ हा नियम बाहेर काढायचाच नाही, असं तिथे बजावलं आहे.

फेब्रुवारीचा छापखाना आणि सप्टेंबरचे हरचंद राय एकत्र वाचले की रेघ दिसते. ‘इम्पॅक्ट’ची व्याख्या कुणी दिली नव्हती, म्हणून अर्थाला जागा होती. इथे व्याख्या दिलेली आहे, कडू असली तरी.

तरी एक गोष्ट तपासा. व्याख्येत ‘आत शिरून’ एवढंच आहे, की ‘किंवा बाहेर पडून’ हेही आहे? बऱ्याच पॉलिसींत असतं. तांब्याची बंडलं जड. चोर चावीने आत आला असेल, पण माल मागच्या दाराची कडी उचकटून किंवा खिडकीचे गज वाकवून बाहेर काढला असेल, तर चित्र पालटतं. पोलिसांच्या पंचनाम्यात मागच्या बाजूचं काय लिहिलंय ते वाचा. शटरच्या पट्टीवर पहारीच्या ताज्या खुणा असतील तर त्याही.

आणि एक विनंती, कारण हे मी दोनदा पाहिलंय: आता कुलूप तोडून ठेवू नका. ताजा घाव आणि महिन्यापूर्वीचा घाव लोखंडावर वेगळा दिसतो. अर्धा क्लेम मिळायची शक्यता असलेली माणसं या एका हुशारीने पूर्ण गेली, वर फसवणुकीचा शिक्का. पुढच्या नूतनीकरणाला चोरीचं वाढीव कलम मिळतं का ते विचारा. थोडा जास्त प्रीमियम भरून साध्या चोरीलाही संरक्षण घेता येतं. ते घेताना मात्र कामगारांनी केलेली चोरी त्यात धरली आहे का, हे लिहून घ्या. चावी कुणी केली असेल, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त.

प्रश्न : दिंडोरीजवळच्या गावातून लिहितो. द्राक्षांच्या छाटणीच्या धामधुमीत मळ्यातून ट्रॅक्टर चोरीला गेला. सकाळी कळलं, दुपारी पोलीस ठाण्यात फिर्याद दिली. एजंट म्हणाला, कंपनीचं मी बघतो. त्याने बघितलं दीड महिन्याने. आता कंपनी म्हणते, ‘ताबडतोब’ कळवलं नाही, अट मोडली. फिर्याद त्याच दिवशीची असून काय उपयोग?

उत्तर : दादा, उपयोग मोठा आहे. तुमच्यासारखाच एक ट्रॅक्टर सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. गुरशिंदर सिंग, २४ जानेवारी २०२०, तीन न्यायमूर्तींचं पीठ. फिर्याद त्याच दिवशी, कंपनीला कळवलं ५२ दिवसांनी. तुमचा दीड महिना त्यापेक्षा कमीच.

ते कलम तुमच्याही पॉलिसीत पहिल्या क्रमांकाला असेल. त्याचे दोन तुकडे आहेत. पहिल्यात अपघात किंवा नुकसान झालं की कंपनीला लेखी ताबडतोब कळवा. दुसऱ्यात चोरी झाली की पोलिसांना ताबडतोब कळवा आणि तपासाला मदत करा. न्यायालयाने विचारलं, हे ‘ताबडतोब’ कशासाठी? अपघातात मोडकी गाडी सर्व्हेअरला लगेच बघायची असते, म्हणून घाई कंपनीला कळवण्याची. चोरीत बघायला काही उरतच नाही, घाई असते ती गाडी शोधण्याची, आणि ते काम पोलिसांचं. फिर्याद वेळेत आहे, चोरी खरी आहे, पोलिसांना गाडी सापडली नाही, तर फक्त कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम मारता येत नाही.

गाडी सापडत नसल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मिळवा, दोन्ही चाव्या कंपनीला देऊन पोच घ्या, आणि पत्रात या निकालाचं नाव व तारीख घाला. खऱ्या क्लेमला केवळ उशिराच्या कारणाने नकार देऊ नका, असं नियामकाने २०११ मध्येच परिपत्रक काढून कंपन्यांना सांगितलंय, तेही लिहा. एजंटला दोष देण्यात शाई घालवू नका. पुढच्या वेळी कंपनीच्या नंबरवर स्वतः फोन लावा आणि तक्रार क्रमांक घरातल्या कॅलेंडरवर लिहा.

प्रश्न : सिन्नरचे आमचे मोठे बंधू मोटारसायकल चालवताना रस्त्यात पडले आणि गेले. आयुर्विमा कंपनीने मूळ रक्कम दिली, अपघाताची वाढीव रक्कम नाकारली. म्हणे, हृदयविकाराचा झटका. रस्त्यावर गाडीवरून पडून गेलेला माणूस अपघातात गेला, असंच कुणीही म्हणेल.

उत्तर : ताई, गावातला कुणीही तसंच म्हणेल, पण असंच प्रकरण २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरलं आहे. तिथेही माणूस मोटारसायकलवर होता, छातीत दुखलं आणि तो पडला. मृत्यू झटक्याने झाला, पडण्याच्या मारामुळे झाल्याचा पुरावा नव्हता, म्हणून अपघाती लाभ मिळाला नाही. सगळं अडतं ते आधी काय घडलं यावर. शवविच्छेदनाचा अहवाल काढा. डोक्याला मार, रक्तस्राव, बरगड्या मोडलेल्या असं काही असेल आणि मृत्यूचं कारण त्याच्याशी जोडलेलं असेल, तर मला प्रत पाठवा, पुढचं पत्र मी लिहून देतो. कारणाच्या रकान्यात फक्त हृदयाचं नाव असेल, तर वकिलाच्या फीमध्ये पैसे घालू नका.